वाट आखणाऱ्याला मानधन नव्हे, मजुरी हवी!

खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढू लागले की शिंग्रोबाचे देऊळ लागते. जाणारे-येणारे ड्रायव्हर गाडीचा वेग कमी करून तेथे नाणे टाकतात. दंतकथा अशी की, इंग्रज अधिकाऱ्यांना डोंगरातून वर जाण्याची वाट सापडत नव्हती. शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली पायाखालची वाट त्यांना दाखविली. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. आम्ही बौद्ध माणसे. नाणे टाकून घाट सुखरूप पार होतो, यावर आमचा विश्वास नाही. पण ही कथा खालापूर तालुक्यातल्या लोकांच्या तोंडी इतकी वर्षे का टिकली, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. वाट दाखविणारा बहुजन, वाटेचा लाभ घेणारा दुसराच आणि मोबदला मागताच मिळालेली गोळी, हा अनुभव लोकांना ओळखीचा वाटला म्हणूनच ती टिकली!

१८६३ साली याच घाटातून रेल्वे सुरू झाली. कड्याला सुरुंगाची छिद्रे पाडण्यासाठी मजुरांना वरून दोराने खाली सोडले जाई. अपघाताने आणि कॉलऱ्याने हजारो मेले. कंत्राटदारांची आणि इंजिनिअरांची नावे इतिहासात आहेत. दोराला लोंबकळणाऱ्यांची नाहीत.

हे सर्व आठवण्याचे कारण एक नवा धंदा आहे. त्याचे नाव 'रूट सेटर'. आमच्या बहुतेक वाचकांनी हा शब्द ऐकला नसेल, म्हणून तो आधी समजावून सांगणे भाग आहे. प्रस्तरारोहण म्हणजे कडा चढणे आता ऑलिम्पिकचा खेळ आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याचा प्रथम समावेश झाला. २०२४ मध्ये पॅरिसलाही त्याची पदके होती. हा खेळ डोंगरावर होत नाही, कृत्रिम भिंतीवर होतो. भिंतीच्या फळ्यांना छिद्रे असतात, त्यांच्या मागे नट बसविलेले असतात आणि त्यात बोल्टने रंगीत पकडी आवळतात. या पकडींना 'होल्ड' म्हणतात. कोणती पकड कोठे, किती अंतरावर, कोणत्या कोनात बसवायची, हे ठरविणारा आणि स्वतःच्या हाताने ती बसविणारा माणूस म्हणजे रूट सेटर. आपल्या भाषेत वाट आखणारा.

हे काम वाटते तितके सोपे नाही. 'स्पीड' या प्रकारात पंधरा मीटरची वाट जगभर एकसारखीच असते. पण 'बोल्डर' आणि 'लीड' या प्रकारांत प्रत्येक फेरीसाठी नवी वाट आखावी लागते. स्पर्धकांनी ती आधी पाहिलेली चालत नाही. म्हणून खेळाडूंना चढाईआधी वेगळे ठेवतात आणि वाट आखणाऱ्याला तोंडावर बोट ठेवावे लागते. एक फेरी संपली की जुन्या पकडी उतरवायच्या, नव्या चढवायच्या, स्वतः चढून तपासायच्या, पुन्हा बदलायच्या. पुष्कळदा हे सर्व रात्रीत उरकायचे, कारण सकाळी प्रेक्षक येणार असतात. वाट फार सोपी झाली तर सगळेच वर पोहोचतात, फार कठीण झाली तर कोणीच हलत नाही. दोन्ही वेळा शिव्या वाट आखणाऱ्यालाच! आणि स्पर्धा रंगली तर टाळ्या चढणाऱ्याला.

हा खेळ आपल्यापासून दूर आहे, असेही नाही. मे २०१६ मध्ये बोल्डर प्रकाराची विश्वचषक स्पर्धा भारतात प्रथमच झाली, ती नवी मुंबईत. जून २०१७ मध्ये ती पुन्हा तेथेच झाली. मुंबईची 'गिरिविहार' ही १९५४ सालची जुनी संस्था त्यामागे होती. नवी मुंबई कर्जत-खालापूरच्या शेजारची. खोपोलीवरून दिसणारी नागफणी, खालापूरचा इरशाळगड, कर्जतचा पेठचा किल्ला हे शहरी गिर्यारोहकांचे आवडते डोंगर. त्यांच्याबरोबर दोर वाहणारी, वाट दाखविणारी आमच्या वाड्यांमधली मुले हळूहळू दोर बांधायला शिकली, भिंतीवर चढायला शिकली. त्यांतलाच एखादा आता गावोगावच्या स्पर्धांसाठी भिंती आखायला जातो. घर सोडून आठ-आठ, दहा-दहा दिवस.

असाच खालापूर तालुक्यातला एक तरुण कर्जतला माझ्याकडे सल्ल्यासाठी आला होता. एका स्पर्धेच्या कामात शिडीवरून पडून त्याचे मनगट मोडले. आयोजकांनी पहिल्या दिवशीचा दवाखान्याचा खर्च केला, पुढचा केला नाही. ठरलेल्या रकमेतून न केलेल्या दिवसांचे पैसे कापले आणि राहिलेले तीन महिन्यांनी दिले. कागद एकच होता, मोबाईलवर आलेला निरोप. त्यात लिहिले होते, 'आपले मानधन अमुक इतके राहील.' तो म्हणाला, "वकीलसाहेब, मजुरी म्हणाले असते तर भांडलो असतो. मानधन म्हणाले, मग मागायचीच लाज वाटली."

या एका वाक्यात सगळा खटला आहे. मानधन हा शब्द ऐकायला गोड आहे. त्यात मान आहे, धनही आहे. पण ज्याला मानधन मिळते तो नोकर नसतो, म्हणून त्याला रजा नाही, विमा नाही, भरपाई नाही. आपल्या राज्यात अंगणवाडी ताईला मानधन आहे, आशा ताईला मानधन आहे. राबून घ्यायचे कामगारासारखे आणि पैसे द्यायचे पाहुण्यासारखे, यासाठीच हा शब्द वापरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात हे गोड आवरण बाजूला सारले. मानधन म्हटले म्हणून ते वेतन ठरत नाही असे नाही, असे मानून त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. शब्द काय वापरला यापेक्षा काम काय करून घेतले, हे महत्त्वाचे.

दुसरा युक्तिवाद असा केला जातो की, रूट सेटर हा कलाकार आहे, स्वतःच्या मर्जीचा मालक आहे, त्याला कामगार कसे म्हणावे? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने प्रजासत्ताकाच्या पहिल्या दशकातच देऊन ठेवले आहे. सौराष्ट्रातील ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरावर आगरिया लोक हंगामापुरते येत. मिठाच्या मापावर पैसे घेत. कामाचे तास ठरलेले नव्हते, मदतीला स्वतःची माणसे घेत. कंपनी म्हणाली, हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत. न्यायालय म्हणाले, काम कसे करायचे यावर देखरेख आणि ताबा कोणाचा आहे ते पाहा. ताबा कंपनीचा होता, म्हणून आगरिया कामगार ठरले. हीच फूटपट्टी रूट सेटरला लावा. भिंत कधी ताब्यात मिळणार, कधीपर्यंत पुरी करायची, कोणाशी बोलायचे नाही, फोटो काढायचा नाही, कोणती वाट बदलायची, हे सगळे दुसरा ठरवितो. मग तो मर्जीचा मालक कसा?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. जुने अनेक कामगार कायदे त्यांत विरघळले. या संहितांनी कामगारांचे काय काढून घेतले, यावर याच चळवळीने बोलले पाहिजे आणि बोलत राहिले पाहिजे. पण जे हातात आहे ते वापरलेही पाहिजे. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देण्याचे कर्तव्य मालकावर घातले आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग वर्कर' म्हणजे मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर काम करणाऱ्याची व्याख्या केली आहे. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. ज्याच्यावर पूर्ण ताबा चालवायचा त्यालाच गिग वर्करच्या खोक्यात टाकून भरपाईचा हक्क बुडवायचा, ही पळवाट उद्या सर्रास वापरली जाईल. तेव्हा आगरियांचा निकाल वकिलांनी खिशात ठेवावा.

आता काही वाचक म्हणतील, हा तर श्रीमंतांच्या पोरांचा खेळ. आपल्या समाजापुढे नोकऱ्यांचे खासगीकरण आहे, शिष्यवृत्त्या रखडतात, अत्याचार थांबत नाहीत. त्यात ही भिंतीची भानगड कशाला? आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. एक तर आपली मुले आता गिरणीत किंवा रेल्वेत कायम होत नाहीत. ती मंडप उभारतात, दिवे लावतात, आवाजाच्या पेट्या वाहतात, पार्सल पोहोचवितात, भिंती आखतात. प्रत्येक धंदा लहान, प्रत्येक ठिकाणी माणसे चार-दोन, संघटना कोठेच नाही. आपण हे धंदे क्षुल्लक म्हणून सोडून दिले तर आपलीच पोरे सोडून दिल्यासारखे होईल.

दुसरे कारण याहून मोठे आहे. आपल्याला आयुष्यभर ऐकविले जाते की, गुणवत्ता ही निसर्गदत्त असते, जो वर पोहोचला तो लायक, जो पडला तो नालायक. रूट सेटरचा धंदा हा दावा एका क्षणात उघडा पाडतो. भिंत निसर्गाने बनविलेली नसते. दोन पकडींमधले अंतर माणूस ठरवितो आणि त्या अंतरावर कोणाचे शरीर जिंकणार, हे पुष्कळसे ठरते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या अंतिम फेरीत जपानची आई मोरी ही अवघी १५४ सेंटिमीटर उंचीची खेळाडू होती. पहिल्याच बोल्डरवर सुरुवातीची पकड इतकी वर होती की, वारंवार उड्या मारूनही तिचा हात तेथे नीट पोहोचला नाही. त्या बोल्डरवर तिला शून्य गुण मिळाले. हीच मोरी त्यानंतरच्या लीड चढाईत सर्वांच्या पुढे होती. तरी एकूण चौथी आली, पदक हुकले. जगभर वाद झाला. कोणी म्हणाले, तिने उडी मारण्याचा सराव करायला हवा होता. कोणी म्हणाले, वाटच अन्यायाची होती.

आम्हाला हा वाद ओळखीचा वाटतो! सुरुवातीची पकडच हाताला लागू द्यायची नाही आणि मग चढता येत नाही म्हणून हिणवायचे, हे या देशात पिढ्यान् पिढ्या चालले. आरक्षण म्हणजे कोणाला उचलून शिखरावर ठेवणे नव्हे. सुरुवातीची पकड सर्वांच्या हाताच्या टप्प्यात आणणे, एवढाच त्याचा अर्थ. चांगला रूट सेटर उंच माणसासाठी एक आणि बुटक्यासाठी दुसरी अशी युक्ती त्याच वाटेत ठेवतो, म्हणजे कस लागतो तो कौशल्याचा, उंचीचा नाही. न्यायाची ही समज ज्याच्या हातात आहे, त्याच हाताला न्याय नसावा, ही शरमेची गोष्ट आहे.

आता घरच्यांकडे वळू. कर्जत-खालापूरला घर सोडून जाणे नवे नाही. पहाटेची लोकल धरून मुंबईला जाणारे रात्री परततात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती मुकादमाकडून उचल घेऊन आणि पोराबाळांसकट, कारण मागे ठेवायला कोणी नसते. त्यात मुलांची शाळा बुडते आणि उचल फिटता फिटत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीचा फास सुटलेला नाही. रूट सेटरची तऱ्हा उलटी. तो एकटा जातो, घर मागे राहते. जो माझ्याकडे आला होता, त्याच्या गैरहजेरीत त्याची मुलगी तापाने फणफणली होती. घरून फोन आला तेव्हा अंतिम फेरीच्या वाटा व्हायच्या होत्या. उठून आला असता तर कामाचे पैसे बुडतील, असे त्याला सांगण्यात आले. तो थांबला. बायकोने शेजारणीला बरोबर घेऊन रात्री मुलीला दवाखान्यात नेले. दहा दिवस आपण काय करीत होतो, हे तो घरी दाखवूही शकला नाही, कारण स्पर्धा संपेपर्यंत फोटोला बंदी आणि स्पर्धा संपली की भिंत रिकामी. त्याच्या बायकोला पुष्कळ दिवस वाटे की, नवरा कोठेतरी सुतारकाम करतो.

आपल्या समाजाला घरापासून दूर राहण्याची किंमत ठाऊक आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले, पुढे लंडनला, १९२० ते १९२३ पुन्हा लंडनला. मागे माता रमाईंनी घर कसे चालविले, हे चळवळीतल्या प्रत्येक घरात सांगितले जाते. पण त्या कथेचा एक गैरवापर होतो. रमाईंचा त्याग समाजासाठी होता आणि तो त्यांनी स्वतः स्वीकारला होता. तो आठवून आज कोणी कामगाराच्या बायकोला म्हणेल की, तूही सोस, तर ते चालणार नाही. त्याग करावा लागतो तो ध्येयासाठी. कोणा आयोजकाचा खर्च वाचावा म्हणून त्याग वसूल करण्याचा हक्क कोणालाही नाही! बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा त्यांनी कामगाराच्या सोशिकतेचे गोडवे गायिले नाहीत. खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा कायदा सुधारला, कारखान्यांतला आठवडा १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तासांवर आणला. कामगाराला घर असते, हे त्यांनी कायद्याच्या भाषेत सांगितले.

गोड शब्दांचा आणखी एक नमुना आमच्या तालुक्यातच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर आदिवासींची वस्ती, वर जायला रस्ता नाही, यंत्रे चढू शकत नव्हती. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. त्या रात्री चिखलातून चढून जाणाऱ्यांत याच परिसरातले गिर्यारोहक होते. पैशाचा विचार न करता ते गेले आणि तेच योग्य होते. ती खरी सेवा. पण ज्यांनी संकटात मोबदला मागितला नाही, त्यांनी धंद्याच्या वेळीही मागू नये, असा अर्थ त्यातून काढणे हा लबाडपणा आहे. दरडीखालच्या माणसासाठी दोर सोडणे वेगळे आणि तिकिटे लावलेल्या, प्रायोजकांचे फलक झळकणाऱ्या स्पर्धेसाठी रात्रभर बोल्ट आवळणे वेगळे. पहिली सेवा, दुसरी मजुरी. दोन्हींची सरमिसळ करू नका.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. कामाआधी लेखी नेमणूकपत्र द्या आणि त्यात मानधन नव्हे, मजुरी लिहा. जाण्यायेण्याचे दिवस मजुरीत धरा. उंचीवर काम करणाऱ्याला अपघात विमा, हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा द्या. रात्रभर काम घेतले तर दुसऱ्या दिवशी झोपेला वेळ द्या. घरी आजारपण आले तर झालेल्या दिवसांचे पैसे हातात ठेवून माणसाला घरी जाऊ द्या आणि त्याच्या जागी दुसरा असेल, एवढी माणसे आधीच नेमा. निकालपत्रावर विजेत्यांबरोबर वाट आखणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापा. यातल्या कोणत्याही मागणीने खेळ बुडणार नाही. गिर्यारोहण संस्थांमध्ये भली माणसे पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांनी स्वतःच्या खिशातून हा खेळ जगविला. त्यांनीच पुढाकार घेऊन नमुना करारनामा तयार करावा, आम्ही वकील मंडळी तो विनामूल्य तपासून देऊ.

आणि शासनाला एक सांगणे. राज्यात प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण खेळाडू व्हायला आधी भिंत लागते. कर्जत-खालापूरच्या एखाद्या आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रस्तरारोहणाची भिंत उभी करा. कडा ज्यांच्या अंगणात आहे त्या ठाकर, कातकरी, बौद्ध मुलांना सुरुवातीची पकड हाताशी द्या. त्यांतून खेळाडू निघतील आणि वाट आखणारेही निघतील. घराजवळ काम असले तर आजारी लेकीपाशी बापाला रात्री परतताही येईल.

कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याला कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती कातळात खोदली गेली. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले, असे ती सांगते. त्या कारागिराचे नाव आज आपण वाचू शकतो. जेथे माणसाला माणूस मानले जात होते, त्या धम्माच्या लेणीत हात राबविणाऱ्याला आपले नाव लिहिण्याची मुभा होती. चळवळीच्या वाचकांनी कोंढाण्याला सहल काढावी तेव्हा आपल्या मुलांना ती ओळ अवश्य दाखवावी. आणि ज्या ज्या मंडपात, मैदानात, भिंतीपाशी आपला माणूस बिननावाने राबतो आहे, तेथे आयोजकाला विचारावे, याचे नाव तुमच्या कागदावर आहे काय?